नवव्या होलच्या रेतीवरचा पाइप

पाइप म्हटलं की तुम्हांला नळ आठवतो, हो ना मित्रांनो? मी जुना आहे, लोखंडाचा आहे, वाकडा होतो तो सरळ झालेलो आहे; पण माझ्यातून आजवर पाण्याचा एक थेंब गेलेला नाही. माझं काम रेतीवर फिरायचं. रायपूरहून सिलतऱ्याकडे जाताना एक कच्चा रस्ता आत वळतो. तिथं मुरमाड जमिनीवर नऊ होलचं एक जुनं गोल्फचं मैदान आहे. त्यातल्या शेवटच्या, नवव्या होलपाशी, विश्रामगृहाच्या व्हरांड्यासमोर माझा मुक्काम असतो. गोल्फच्या मैदानावर पाइपाचं काय काम, असं तुम्ही विचारणारच. सगळेच विचारतात. थांबा जरा, सांगतो. लोखंडाला घाई मानवत नाही.

माझा जन्म रायपूरजवळच्या उरला गावातल्या एका रोलिंग मिलमधला. जन्मलो तोच वाकडा. सरळ, गुळगुळीत भाऊबंद ट्रकमध्ये चढून देशोदेशी गेले आणि मी भंगाराच्या ढिगात पडलो. अंगावर धूळ, कानाशी ट्रकचे भोंगे, आणि मनात एकच धास्ती, की आता पुन्हा भट्टीत जायचं. पण त्या मिलमध्ये लहानू नावाचा एक फिटर होता. त्याचे वडील रेल्वेतल्या नोकरीपायी भंडाऱ्याकडून रायपुरात आले आणि इथलेच झाले. एके दिवशी लहानूनं ढिगातून मला उचललं, हातोडीनं टकटक करून पाहिलं आणि म्हणाला, "हव, हा चालते." साहेबांना विचारून त्यानं मला घरी नेलं, ठोकून सरळ केलं, कापून हातभर लांबीचा ठेवला आणि माझ्या पोटाच्या मधोमध एक लांब दांडा वेल्डिंगनं जोडला. भंगारातून मी कामाचा झालो. त्या दिवशी मला काय वाटलं ते माझं मलाच माहीत!

हा सगळा खटाटोप लहानूनं स्वतःसाठी केला नव्हता, बायकोसाठी केला होता. त्याची बायको शेवंता. रेल्वेच्या दवाखान्यात ती नर्स होती आणि सगळा पारा, म्हणजे आमचा मोहल्ला, तिला शेवंता सिस्टर म्हणायचा. एका रविवारी मैदानावर खेळताना एक साहेब उन्हानं चक्कर येऊन पडले, म्हणून तिला गाडी पाठवून बोलावलं. तिनं साहेबांना सावलीत निजवलं, मीठ-साखरेचं पाणी पाजलं आणि परत जायच्या गाडीची वाट बघत बसली. तेवढ्यात कुणीतरी गमतीनं तिच्या हातात गोल्फची काठी दिली. "मारा सिस्टर!" सिस्टरनं इंजेक्शन टोचावं तितक्या निर्विकारपणे चेंडू मारला. तो गेला पार पळसाच्या झाडांपलीकडे! निजवलेले साहेब ताडकन उठून बसले. त्या दिवसापासून ड्यूटी नसली की शेवंता मैदानावर. लहानू तिला चिडवायचा, "काहून इतकी मारून राहिली त्या चेंडूले? त्यानं तुझं काय घोडं मारलं?"

आता माझ्या कामाचं सांगतो. श्रीमंत मैदानांवर होलभोवती हिरवंगार, मखमली गवत असतं. आमच्या मुरमात गवत कुठलं धरायला! म्हणून इथं प्रत्येक होलभोवती बारीक रेतीचं मोठं गोल अंगण केलेलं आहे. धूळ उडू नये, चेंडू नीट घरंगळावा, म्हणून त्या रेतीत गाड्यांचं जळकं ऑइल मिसळतात. या अंगणाला सगळे 'ब्राउन' म्हणतात. पण रेतीच ती. खेळणारे चालले की तिच्यावर पावलं उमटतात, चेंडूची रेघ उमटते. म्हणून आमच्याकडचा रिवाज असा, की आपला खेळ आटोपला की मागून येणाऱ्यांसाठी रेती सारखी करून जायची. पूर्वी त्यासाठी एक लाकडी फळी होती. ती फुटली आणि शेवंता घरी रोज कुरकुरायला लागली. त्या कुरकुरीतून मी जन्मलो.

मला ओढायचं ते गोल गोल, होलपासून सुरुवात करून बाहेरपर्यंत. सरळ मात्र कधी ओढायचं नाही. का, ते लक्ष देऊन ऐका. मला सरळ ओढलं की माझ्या दोन्ही टोकांशी रेतीचे दोन बारीक बांध राहतात. मग चेंडू त्या दोन बांधांच्या मधून, शाळेच्या रांगेतल्या पोरासारखा, मुकाट्यानं होलमध्ये जाऊन पडतो. मारणारा कसाही असो. आमच्या मैदानावर याला बेइमानी म्हणतात, आणि तशी बेइमानी करायला मोठमोठे साहेबसुद्धा कचरत.

मित्रांनो, ते दिवस काय सांगू! शुक्रवारी संध्याकाळी विश्रामगृहाच्या खोल्यांत दिवे लागायचे. दुर्ग, बिलासपूर, नागपूर, कुठून कुठून माणसं शनिवार-रविवार खेळायला यायची. शेवटचं होल माझं, त्यामुळे खेळ संपवून व्हरांड्यात टेकलेल्या प्रत्येकाचं बोलणं माझ्या कानी पडायचं. मला वाटायचं, एवढी धडधाकट, पैसेवाली माणसं. यांना काय काय लागत असेल! पण ऐकत गेलो आणि थक्क होत गेलो. एका कारखानदाराला फक्त इतकंच हवं होतं, की दोन दिवस त्याला कुणी 'सर' म्हणू नये. एक सर्जन आले, ते दोन्ही दिवस आरामखुर्चीत घोरले आणि निघताना म्हणाले, "इतका उत्तम गोल्फ मी वर्षात खेळलो नव्हतो." पंडरीतल्या कापडबाजारातले दोन भाऊ आले. दुकानाच्या वाटणीपासून त्यांच्यात बोलणं नव्हतं. पहिला दिवस दोघं मुक्यानंच खेळले. दुसऱ्या दिवशी धाकट्याचा चेंडू लांबून येऊन होलमध्ये पडला आणि थोरल्याच्या तोंडून निघून गेलं, "वा रे पठ्ठ्या!" धाकटा तिथंच रेतीत मटकन बसला आणि रडायला लागला. थोरल्यानं मला हातात घेतलं आणि रेती सारखी करत राहिला, करतच राहिला. मी लोखंड आहे मित्रांनो, पण त्या दिवशी माझ्या अंगावर काटा आला.

पुढे मात्र दिवस फिरले. नव्या रायपूरच्या अंगाला हिरवी मैदानं झाली म्हणतात. तिथं रेती नाही, ऑइलचा वास नाही, सिलतऱ्याच्या कारखान्यांची काळी धूळ नाही. कोण येईल मग आमच्याकडे? विश्रामगृहाचे पडदे विरले. मी दव खात गवतात पडून राहायचो, अंगावर गंज चढायचा आणि खारी माझ्या पोकळीत शेंगांची टरफलं भरून ठेवायच्या. खारीचा वाटा म्हणतात तो हाच असेल तर नको रे बाबा! पण दर हिवाळ्यात एक शनिवार-रविवार चुकत नसे. नागपूरहून गोदावरीबाई यायच्या, बिलासपूरहून यज्ञेश्वरभाऊ यायचे आणि रायपूरची शेवंता त्यांना मिळायची. गोदावरीबाई बँकेतून निवृत्त झालेल्या आणि यज्ञेश्वरभाऊ रेल्वेत गार्ड होते. तिघांची गट्टी याच मैदानावर जमलेली. ते आले की लहानू आधी मला उचलून गंज घासायचा, तेलाचा हात फिरवायचा. मग मी असा काही चमकायचो की विचारू नका.

मागच्या पावसाळ्यात शेवंताला लकवा मारला. उजवा पाय ओढत का होईना चालायला लागला, पण उजवा हात गेला तो गेलाच. बोटं वळेनात. जिनं उभ्या आयुष्यात हजारो माणसांना भरवलं, पुसलं, उठवून बसवलं, तिला आता लहानू चमच्यानं भरवू लागला. मुलगी चेतना नोकरीपायी पुण्याला. ती रोज फोन करून बजावायची, "आईला काही करू देऊ नका, बाबा." आणि लहानू तिला खरंच काही करू देत नव्हता. ब्लाउजचं बटण तो लावी, वेणी तो घाली, टीव्हीचं बटणसुद्धा तोच दाबी. हे सगळं मला कसं कळलं? अहो, व्हरांड्यात बसून गोदावरीबाईंना तो हेच तर सांगत होता, अगदी अभिमानानं. शेवंता शेजारीच खुर्चीत बसून रेतीकडे बघत होती.

या जानेवारीतल्या शनिवारची ती गोष्ट. तिघं जमली होती. गोदावरीबाई आल्या आल्या म्हणाल्या, "मला दोन दिवस एवढंच हवंय, की स्वयंपाकाला काय करू, असं मला कुणी विचारायचं नाही. आणि मीही कुणाला विचारणार नाही." यज्ञेश्वरभाऊंना आंघोळीला कढत पाणी हवं होतं आणि एकदा तरी गोदावरीबाईंना हरवायचं होतं. "आणि तुला काय हवं, शेवंता?" बाईंनी विचारलं.

"मले ह्या नवव्या होलवर एक पट मारायचा आहे," शेवंता म्हणाली. पट मारायचा म्हणजे रेतीवरून चेंडू हळूच होलकडे सारायचा. "पुरं मैदान नाही होत माह्यानं. इथं एकदा मारून पाहीन. नाही जमलं, तर गोदू, माझी काठ्यांची बॅग तू घेऊन जा. घरी कोपऱ्यात ती रोज दिसते, अन् मले रोज रडू येते."

लहानूचा चेहरा खर्रकन उतरला. त्याला ठाऊक होतं, सकाळी उठून हातापायाचा व्यायाम ती कशाच्या आशेवर करते ते. बॅग गेली की व्यायाम जाईल, आणि व्यायाम गेला की ही बाई खाटेवरून उठायची नाही. एका बॅगेत त्या घराचा सगळा जीव अडकला होता, मित्रांनो, आणि ते व्हरांड्यातल्या प्रत्येकाला कळत होतं.

शनिवारी तिनं मारून पाहिलं. डाव्या हातात काठी धरली, उजवा हात तिच्यावर नुसता ठेवला. पहिल्यांदा काठी रेतीतच रुतली. दुसऱ्यांदा चेंडू वीतभर सरकला, तोही भलतीकडेच. यज्ञेश्वरभाऊ उगाच बूट झटकत बसले. "घेऊन जा बॅग," शेवंता म्हणाली. "उद्याचा दिवस आहे ना अजून," गोदावरीबाई म्हणाल्या आणि घाईघाईनं चहा सांगायला आत गेल्या.

रविवारी सकाळी मंडळी पोहे खात होती तेव्हा लहानू एकटाच रेतीवर आला. त्यानं मला उचललं. शेवंता जिथून मारणार होती तिथं नेऊन टेकवलं, इकडेतिकडे बघितलं आणि सरळ होलपर्यंत ओढत नेलं. सरळ! ज्या माणसानं मला घडवलं, गोल ओढायचं म्हणून ज्यानं आल्यागेल्याला बजावलं, त्याच माणसानं! रेतीवर दोन बारीक बांध उभे राहिले. माझा काय इलाज! मला ओढेल तिकडे मी जाणार. पण त्याचा राग मात्र मला आला नाही. त्याचा श्वास मला ऐकू येत होता, आणि तो रडणाऱ्या माणसाचा श्वास होता.

शेवंता आली. यज्ञेश्वरभाऊंनी होलमधला झेंडा काढून धरला. तिनं काठी धरली, मारलं. चेंडू डावीकडे गेला, बांधाला टेकला, उजवीकडे आला, तिथंही टेकला आणि डुलत डुलत जाऊन होलमध्ये पडला. टुक्! काय तो आरडाओरडा! यज्ञेश्वरभाऊंनी टोपी उडवली, गोदावरीबाईंनी टाळ्या पिटल्या. लहानू तर लहान पोरासारखा नाचायला लागला. शेवंता हसली. किती महिन्यांनी हसली असेल! आणि हसता हसताच तिची नजर खाली रेतीवर गेली.

आयुष्यभर रोग्यांच्या अंगावरच्या खुणा वाचलेली बाई ती. तिचं हसू मावळलं. काठी टेकत टेकत ती चेंडूच्या रेघेशेजारून होलपर्यंत गेली, तशीच परत आली.

"चेतनाचे बाबा, हे कोणं ओढलं?"

लहानूचा नाच थांबला.

"मीनंच ओढलं," लहानू म्हणाला. "तू बॅग देऊन टाकशील, अन् मग खाटेवर पडून राहशील. मले भेव वाटलं, शेवंता."

"भेव!" ती कडाडली. दवाखान्यात वॉर्डबॉयना पळता भुई थोडी व्हायची ती ह्याच आवाजानं. "घास तुम्ही भरवता, वेणी तुम्ही घालता, टीव्हीचं बटण तुम्ही दाबता. मी काय बाहुली आहो काय? दिवसभरात माह्या हातानं एक गोष्ट होऊ देत नाही तुम्ही. बरोबर नाही अन् चूकही नाही! इथंतरी मले माह्या हातानं चुकू द्या ना हो!" आणि एवढं बोलून ती ढसाढसा रडली. गोदावरीबाईही रडल्या. लहानू मान खाली घालून उभा राहिला.

मग शेवंतानं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "गोल ओढा."

लहानूनं मला उचललं. होलपासून सुरुवात केली. एक फेरा, त्याबाहेर दुसरा, मग आणखी बाहेर. ते बांध मिटले, चेंडूची रेघ मिटली, पावलं मिटली. कोवळं ऊन त्या काळसर रेतीवर पडलं आणि ती शांत तळ्यासारखी दिसू लागली. हजारो वेळा मी तिच्यावरून फिरलो असेन, पण ती इतकी सुंदर मी कधी पाहिली नव्हती. कुणाची बाजू न घेणारी, सगळ्यांना सारखी. शेवंता तिच्याकडे बघत उभी होती आणि आम्ही सगळे शेवंताकडे.

तिनं मारलं. चेंडू कुणाच्या आधाराशिवाय निघाला. हळू, फार हळू. थोडा डावीकडे झुकला, सावरला, आणि होलपासून हातभर अलीकडे थांबला. पडला नाही.

यज्ञेश्वरभाऊंच्या हातातला झेंडा तसाच राहिला. शेवंतानं तो चेंडू न्याहाळला. मग तिनं लहानूकडे वळून पाहिलं आणि तिचे डोळे असे काही चमकले, की मला घासूनपुसूनही तशी चमक कधी आली नसेल.

"पाह्यलं? हा माझा आहे," ती म्हणाली. "ओढा पुन्हा."

त्यानं पुन्हा ओढलं. तिनं पुन्हा मारलं. चुकलं. पुन्हा ओढलं. पुन्हा चुकलं. कधी लांब गेला, कधी जवळ राहिला, एकदा तर होलच्या काठाला शिवून पुढे गेला तेव्हा चौघंही एकदम "अरारारा!" करून ओरडली. गोदावरीबाई आणि यज्ञेश्वरभाऊ आपला सामना विसरून गेले. कढत पाणी निवलं. स्वयंपाकी दोनदा जेवायला बोलावून गेला. घामानं भिजलेल्या लहानूच्या तळहाताला फोड आला तरी तो म्हणाला नाही, की आता पुरे. त्या दिवशी चेंडू होलमध्ये काही पडला नाही. एकदाही नाही.

दुपारी निघायची वेळ झाली. गोदावरीबाईंची गाडी व्हरांड्यापुढे उभी होती. भिंतीला टेकवलेल्या मला सगळं स्वच्छ दिसत होतं. बाई शब्दाच्या पक्क्या. त्यांनी शेवंताची बॅग उचलली, डिकीपाशी नेली आणि जरा खट्याळपणे विचारलं, "ठरल्याप्रमाणे नेऊ का गं ही? एकही पडला नाही तुझा."

शेवंता पायऱ्या उतरून आली. तिच्या डाव्या हातात चालायची काठी होती. सकाळपासून उभं राहून पाय भरून आले होते; काठी सोडली तर शेवंता पडली असती. म्हणून तिनं दुसरा हात पुढे केला आणि बॅगेचा पट्टा धरला.

"दे इकडे!"

"अगं, देते की. सोड आधी, म्हणजे खाली ठेवते," बाई हसत म्हणाल्या आणि पट्टा हलकेच ओढला. तो सुटेना. बाईंनी खाली पाहिलं. लहानूनं पाहिलं. यज्ञेश्वरभाऊ गाडीचं दार उघडता उघडता थांबले.

शेवंताच्या उजव्या हाताची बोटं वळली होती. अंगठा अजून बाहेरच होता, पण चारही बोटं पट्ट्यावर घट्ट मिटलेली होती. तिला स्वतःला ते माहीतच नव्हतं! ती आपली बाईंशी भांडण्यात दंग. "सोडत नाही, जा!" ती म्हणत होती. आणि मग सगळ्यांची तोंडं पाहून तिनंही खाली पाहिलं.

लहानू धावत पुढे झाला, बॅगेखाली हात घालायला. आणि मध्येच थांबला. दोन्ही हात त्यानं पाठीमागे बांधून घेतले. जड बॅग हातात धरून, काठी टेकत, पाय ओढत शेवंता एकेक पायरी चढून व्हरांड्यात आली, तेव्हा तो तिच्या मागोमाग फक्त चालत होता. हात पाठीमागेच होते.

मित्रांनो, मी एक साधा, वाकून सरळ झालेला पाइप. मला कुणी फार विचारत नाही. कधी इकडे आलात, तर खेळून झाल्यावर मला दवात टाकून जाऊ नका, भिंतीला टेकवून ठेवा. एवढीच माझी स्वतःसाठी विनंती. आणि दुसरी विनंती तुमच्या घरच्यांसाठी. तुमच्या घरात कुणी म्हातारं असेल, आजारी असेल, कुणाचा हात चालत नसेल, तर त्यांची सेवा करा, मनापासून करा. पण त्यांचा चेंडू त्यांनाच मारू द्या. तो चुकेल. चुकू द्या. तुम्ही जवळ उभे राहा आणि लहानूसारखे आपले हात पाठीमागे घट्ट धरून ठेवा. ते फार जड जातं, मी पाहिलं आहे.